सिनाई ट्रेल
ईजिप्तच्या दक्षिण सिनाई भागातील लांब पल्ल्याची वाळवंटी पायवाट. बेदूइन टोळ्यांनी ती २०१५ मध्ये सुरू केली. अकाबाच्या आखातापासून ईजिप्तमधील सर्वोच्च शिखर जबल कॅथरिनापर्यंतची ही वाट प्रारंभी २२० किमी. होती व तीन टोळ्यांच्या मुलखातून जाई. २०१८ मध्ये ती ५५० किमी. झाली, सहभागी टोळ्या आठ झाल्या. प्रवासी बहुधा पायी चालतात. पाणी, पीठ व अंथरूण-पांघरूण उंटवाल्यांच्या उंटांवर लादतात. प्रत्येक टोळीचे वाटाडे आपापल्या हद्दीत मार्ग दाखवतात. मुक्कामी कणकेची जाड भाकर निखाऱ्यांखाली, तापलेल्या वाळूत पुरून भाजतात आणि राख झटकून सर्वजण वाटून खातात. या वाटेमुळे वाटाडे, उंटवाले व स्वयंपाकी यांना स्वतःच्या मुलखातच रोजगार मिळतो.