लेखणी आणि कुंचला एकाच हाती

लुईस कॅरॉलने ॲलिसची गोष्ट स्वतःच्या अक्षरात उतरवली, तिच्यात स्वतःच चित्रं काढली आणि 1864 मध्ये ती वही ॲलिस लिडेल या मुलीला भेट दिली. पुढच्या वर्षी छापलेल्या पुस्तकात मात्र चित्रं जॉन टेनियलची होती. टेनियल म्हणजे 'पंच' साप्ताहिकाचा नावाजलेला व्यंगचित्रकार. ब्रिटनमधली तेव्हाची रीतच तशी होती: लिहिणारा एक, चितारणारा दुसरा आणि लाकडी ठसा कोरणारा तिसरा. विल्यम ब्लेकने 1789 मध्ये कविता, चित्र आणि छपाई तिन्ही घरच्या घरी केली होती; एडवर्ड लिअरनेही 1846 मध्ये आपल्या गमतीदार पद्यांना आपलीच चित्रं जोडली होती. पण हे अपवाद.

हे चित्र पालटलं त्यात एका छापखानेवाल्याचा मोठा वाटा आहे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटलगत एडमंड एव्हान्स प्रत्येक रंगाचा वेगळा लाकडी ठसा करून छपाई करायचा. केट ग्रीनअवेच्या पद्यांचं आणि चित्रांचं 'अंडर द विंडो' त्याने 1879 मध्ये छापायला घेतलं आणि पहिल्याच खेपेला 20,000 प्रती काढल्या. प्रकाशकाला हा वेडेपणा वाटला. पण पुनर्मुद्रण हाती येण्याआधीच त्या प्रती संपल्या.

एव्हान्सचाच दुसरा चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट. शब्द त्याचे नसत, बहुतेक जुनी बालगीतं असत. तरी आजच्या चित्रपुस्तकाचा पाया त्यानेच घातला असं म्हणायला हवं. 1882 मध्ये त्याने एक जुनं बडबडगीत घेतलं. गीतात बशी चमच्याबरोबर पळून जाते, तिथे शब्द संपतात. कॅल्डेकॉट आणखी एक चित्र काढतो: बशीचे तुकडे होऊन पडले आहेत आणि काटा व सुरी, म्हणजे चमच्याचे आईबाप, चमच्याला धरून घरी नेत आहेत. याबद्दल गीतात अवाक्षर नाही. शब्दांनी कुठे थांबायचं आणि चित्राने कुठून पुढे जायचं, हा निर्णय म्हणजेच या कलेचं मर्म. तो निर्णय लिहिणाऱ्यानेच चित्र काढताना घेतला की पुस्तकाची जात बदलते.

बिअट्रिक्स पॉटरचं पहिलं पुस्तक याचा उत्तम दाखला आहे. 1893 च्या सप्टेंबरमध्ये तिने आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला एक पत्र लिहिलं. पत्रातच ओळींच्या मधे पीटर नावाच्या सशाची चित्रं होती. पुढे त्याचं पुस्तक करायचं ठरवलं तेव्हा एकामागून एक प्रकाशकांनी नकार दिला. तिचा हट्ट ठाम होता: पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढंच हवं. शेवटी 1901 च्या डिसेंबरमध्ये तिने पदरच्या पैशांनी 250 प्रती छापल्या. 1902 मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने ते रंगीत काढलं, पण आकार लहानच राहिला. समोरासमोरच्या दोन पानांपैकी एकावर चित्र, दुसऱ्यावर मोजक्या ओळी. पॉटरने बुरशींचा कसून अभ्यास केला होता. तिचा निबंध 1897 मध्ये लिनियन सोसायटीत वाचला गेला. निसर्ग बारकाईने पाहायच्या याच सवयीमुळे तिच्या सशाने निळं जाकीट घातलं तरी आतली हाडं सशाचीच असतात.

त्याच 1902 साली रुडयार्ड किपलिंगने 'जस्ट सो स्टोरीज'ची चित्रं स्वतः काढली आणि त्यांखाली लांबलचक मजकूरही लिहिला. किपलिंगचा जन्म मुंबईचा, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षक. चित्रकलेचा वारसा त्याला घरातूनच मिळाला होता.

दुसऱ्या महायुद्धात कागदाची चणचण असतानाही संपादक नोएल कॅरिंग्टनने 1940 मध्ये 'पफिन पिक्चर बुक्स' सुरू केली. किंमत सहा पेन्स. ती परवडली, कारण चित्रकार स्वतःच शिळेवर किंवा पत्र्यावर एकेका रंगाचं चित्र काढत आणि ब्लॉक करण्याचा खर्च वाचे. चित्रकाराचा हात थेट छपाईपर्यंत पोचला.

या परंपरेत सगळ्यात मोठं नाव रेमंड ब्रिग्ज (1934–2022) यांचं. विम्बल्डनमधल्या एका दूधवाल्याचा हा मुलगा. 1973 च्या 'फादर क्रिसमस'मधला म्हातारा थंडीला शिव्या देत कामाला निघतो आणि पहाटे त्याला दूधवाला भेटतो. ब्रिग्ज यांनी या म्हाताऱ्यात आपले वडीलच पाहिले होते. 1978 च्या 'द स्नोमॅन'मध्ये तर शब्दच नाहीत, फक्त रंगीत पेन्सिलींची मऊ चित्रं.

मग 1982 मध्ये 'व्हेन द विंड ब्लोज' आलं. निवृत्त जिम आणि त्याची बायको हिल्डा सरकारी पत्रकावर भाबडा विश्वास ठेवून, दारं काढून भिंतीला तिरकी टेकवतात आणि अणुबॉम्बपासून वाचायला आडोसा करतात. नवराबायकोचं बोलणं अगदी छोट्या, दाटीच्या चौकटींत चालतं. मधेच पान उलटावं तर दोन्ही पानं व्यापणारं काळोखं क्षेपणास्त्र. स्फोटाच्या जागी जवळजवळ कोरी पानं, आणि त्यानंतर चौकटीगणिक विझत जाणारे रंग. हा परिणाम दुसऱ्या कुणाच्या संहितेवर चित्रं काढून साधणं फार अवघड. 1998 मध्ये त्यांनी 'एथेल अँड अर्नेस्ट'मध्ये आईवडिलांचा सगळा संसार चितारला. पिवळं फडकं खिडकीतून झटकणारी मोलकरीण आणि ती आपल्यालाच हात करते आहे असं वाटून हात हलवणारा सायकलस्वार, इथून तो संसार सुरू होतो. साध्या माणसांचं इतकं मायेचं चरित्र कोणत्याही साहित्यप्रकारात विरळाच.

पोझी सिमंड्स यांनी 'गार्डियन'च्या पानांवरून गद्य आणि चित्र एकत्र गुंफून प्रौढांसाठी कादंबऱ्या लिहिल्या; 1999 ची 'जेमा बोव्हरी' त्यांतली एक.

एवढा इतिहास असूनही ब्रिटनमध्ये चित्रकाराचं नाव यादीतून, परीक्षणातून, विक्रीच्या नोंदीतून गळत असे. लंडनच्या लेखिका-चित्रकार सारा मॅकिन्टायर यांना त्यासाठी गेल्या दशकात 'पिक्चर्स मीन बिझनेस' ही मोहीम चालवावी लागली. लेखणी आणि कुंचला एकाच हाती असल्याचं उदाहरण मराठीतही आहे: 'राधाचं घर'चे शब्द आणि चित्रं दोन्ही माधुरी पुरंदरे यांचीच. मुलांसाठी पुढचं पुस्तक घेताना चित्रं कुणाची आहेत हे आधी पाहा, मुलांना ते नाव वाचून दाखवा आणि ते कुठेच छापलेलं नसेल तर प्रकाशकाला जरूर विचारा.