पाण्यावरची रेघ

मराठीत दोन रेघा प्रसिद्ध आहेत. काळ्या दगडावरची रेघ पुसली जात नाही आणि पाण्यावरची रेघ टिकत नाही. जलतरणपटू आयुष्यभर ही दुसरी रेघ ओढत असतो. तो भिंतीला हात लावून मागे वळून पाहतो, तोवर त्याच्या वाटेवरचे पाणी पुन्हा सपाट झालेले असते. मागे उरते ती केवळ कुणीतरी लिहून ठेवलेली वेळ. म्हणूनच जलतरणातील विश्वविक्रमांचा इतिहास जितका पोहणाऱ्यांचा आहे, तितकाच तो नोंद ठेवणाऱ्यांचाही आहे. शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात या विषयासाठी जागा मागण्याचे कारण हेच. या इतिहासात एक पान मराठी माणसाचे आहे आणि ते पान उघडायला आपल्या समाजाला फार उशीर झाला.

आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी पोहणे शिकले ते विहिरीत किंवा गावच्या तलावात, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. तिथे ना अंतर मोजलेले असे, ना कुणाच्या हातात घड्याळ. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगातही स्थिती फारशी निराळी नव्हती. कुठे यार्ड, कुठे मीटर; कुणी नदीत पोहे, कुणी समुद्रात. एका गावचा विक्रम दुसऱ्या गावी मान्य होईलच असे नसे. जुलै १९०८ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने जलतरणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि जगाने एकच नोंदवही मान्य केली.

त्या नोंदवहीचे स्वरूप समजून घ्यायचे, तर पाठीवरून पोहण्याची, म्हणजे बॅकस्ट्रोकची, १०० मीटरची शर्यत पाहावी. एरवीच्या शर्यतींत स्पर्धक ओट्यावरून सूर मारतो. इथे तो पाण्यात उतरून, भिंतीकडे तोंड करून, दांडी धरून सज्ज होतो. शर्यतभर त्याला मुक्काम दिसत नाही. डोळ्यांपुढे छत किंवा आकाश असते. भिंत पाच मीटरांवर आली हे डोक्यावर टांगलेल्या पताकांवरून कळते आणि उरलेले हात मनात मोजावे लागतात.

लंडनमध्ये १९०८ साली जर्मनीच्या आर्नो बीबरश्टाइनने ही शर्यत १ मिनिट २४.६ सेकंदांत जिंकली. त्या काळी पाठीवर पोहताना दोन्ही हात एकदम फिरवण्याचा प्रघात होता. १९१२ साली स्टॉकहोममध्ये अमेरिकेच्या हॅरी हेबनरने एकाआड एक हात फिरवून सुवर्णपदक मिळवले आणि शर्यतीचे रूपच पालटले. १९२८ साली जॉर्ज कोजॅकने १ मिनिट ८.२ सेकंदांची नोंद केली. वीस वर्षांत सोळा सेकंदांहून अधिक घट झाली, ती निव्वळ ताकदीने नव्हे, तर पोहण्याची रीत बदलल्याने.

पुढचे नाव शाळकरी मुलाचे आहे. शिकागोचा ॲडॉल्फ कीफर १९३५ साली शालेय स्पर्धेत १०० यार्ड बॅकस्ट्रोक एका मिनिटाच्या आत पोहला. असे करणारा तो पहिलाच. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये त्याने ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. मग महायुद्ध आले. अमेरिकी नौदलात गेलेल्या कीफरने पाहिले की बुडून मरणारे सैनिक थोडेथोडके नाहीत. त्याने नौसैनिकांच्या जलतरण शिक्षणाचे काम हाती घेतले आणि पाठीवर तरंगत जीव वाचवण्याची सोपी पद्धत त्यांना शिकवली. त्याचे विक्रम केव्हाच मोडले गेले. त्या शिक्षणाने वाचलेल्या जिवांची मोजदाद मात्र कोणत्याही विक्रमवहीत नाही.

महायुद्धाने आणखीही काही केले. नेदरलँड्सच्या कोर किंट हिने १९३९ साली महिलांची १०० मीटर बॅकस्ट्रोक १ मिनिट १०.९ सेकंदांत पूर्ण केली. हा विक्रम तब्बल एकवीस वर्षे, १९६० पर्यंत अबाधित राहिला. पण १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत आणि जगातील सर्वांत वेगवान पाठपोहणारी स्त्री ऑलिंपिकविना राहिली. नोंदवही नसती तर तिचे नाव आज कुणालाही ठाऊक नसते.

पुरुषांमध्ये १०० मीटरसाठी एका मिनिटाचा उंबरठा ओलांडला तो थॉम्पसन मान याने, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, ५९.६ सेकंदांत. विशेष म्हणजे त्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी १०० मीटर बॅकस्ट्रोकची स्वतंत्र शर्यतच नव्हती. मानने हा विक्रम रिले शर्यतीच्या पहिल्या टप्प्यात केला. पहिल्या टप्प्याचा स्पर्धक इशाऱ्यावरच निघतो, पुढच्यांप्रमाणे सहकाऱ्याची चाल पाहून निघत नाही. म्हणून त्याची वेळ विक्रमासाठी ग्राह्य धरली जाते. त्यानंतरचा काळ पूर्व जर्मनीच्या रोलांट माटेस याचा. १९६७ ते १९७४ या काळात बॅकस्ट्रोकमध्ये त्याला कुणी हरवू शकले नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याने ५६.३० सेकंदांचा विश्वविक्रम केला, तोही रिलेच्या पहिल्या टप्प्यातच.

नोंदवही सारेच टिपते, पण सारेच सांगत नाही. १९८० साली मॉस्कोत पंधरा वर्षांच्या रिका राइनिशने १ मिनिट ०.८६ सेकंदांचा महिलांचा विक्रम केला. पूर्व जर्मनीत खेळाडूंना शासकीय योजनेखाली उत्तेजक संप्रेरके दिली जात होती, हे पुढे कागदपत्रांनिशी उघड झाले. राइनिशने स्वतः त्याविषयी आणि त्यामुळे झालेल्या शारीरिक त्रासाविषयी जाहीरपणे सांगितले. आकडा वहीत राहिला. त्याची किंमत एका मुलीने मोजली.

कधी नोंद नियमालाही बदलायला लावते. हार्वर्डचा विद्यार्थी डेव्हिड बर्कॉफ याच्या लक्षात आले की पृष्ठभागावरच्या लाटांपेक्षा पाण्याखाली विरोध कमी होतो. तो पाठीवर, हात डोक्यामागे ताणून, डॉल्फिनसारखे पाय मारत पहिल्या फेरीतील बहुतेक अंतर पाण्याखालूनच कापू लागला. १९८८ साली सोल ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत त्याने ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत मात्र जपानच्या दाइची सुझुकीने ५५.०५ सेकंदांत त्याला मागे टाकले. महासंघाने लगोलग पाण्याखालच्या अंतरावर मर्यादा घातली. आधी दहा, पुढे पंधरा मीटर. २००८-०९ मध्ये पॉलियुरेथेनच्या पोशाखांनी विक्रमांचा पूर आला. ॲरन पियरसॉलची ५१.९४ सेकंदांची वेळ त्याच लाटेतली. २०१० पासून ते पोशाख बंद झाले, विक्रम मात्र वहीत राहिले. तो २०१६ साली रायन मर्फीने मोडला आणि २०२२ साली इटलीच्या थॉमस चेक्कॉनने ५१.६० सेकंद ही वेळ दिली. महिलांमध्ये नॅटली कॉफलिन २००२ साली प्रथमच एका मिनिटाच्या आत आली. २०२४ मध्ये रेगन स्मिथने ५७.१३ सेकंदांपर्यंत मजल मारली. आपल्या श्रीहरी नटराजने २०२१ साली रोममध्ये ५३.७७ सेकंदांची वेळ दिली. १९९८ साली कुणी ही वेळ दिली असती, तर तो विश्वविक्रम ठरला असता!

आता पुन्हा १९७२ कडे वळू. म्युनिकमध्ये माटेस पाण्यात उतरण्यापूर्वी काही आठवडे, त्याच देशातील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक स्पर्धा भरली होती. खरे तर तीही म्युनिकमध्येच व्हायची. पण ऑलिंपिकनंतर तेथील क्रीडाग्रामाच्या सदनिका खासगी निवासासाठी द्यावयाच्या असल्याने स्पर्धा हायडेलबर्गला हलवली गेली. तेथे ५० मीटर फ्रीस्टाइलच्या आपल्या गटातील शर्यतीत एका भारतीयाने ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक पटकावले आणि विश्वविक्रम नोंदवला. त्या भारतीयाचे नाव मुरलीकांत पेटकर. गाव सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर.

पेटकरांचा जन्म १९४४ चा. कोवळ्या वयात ते सैन्यात दाखल झाले. मुष्टियुद्ध हा त्यांचा खेळ. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीत, उपचार सुरू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. ज्या पायांवर मुष्टियोद्ध्याची सारी चपळाई उभी असते ते पाय गेले होते. उरलेल्या हातांना पाण्याने नवे काम दिले.

जखमी सैनिकांना खेळातून उभे करण्याची ही कल्पना इंग्लंडमध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी रुजवली होती. १९४८ साली स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या आवारात त्यांनी चाकाच्या खुर्चीतील सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. तिचेच रूप १९६० साली रोममध्ये पॅरालिंपिक म्हणून जगापुढे आले. पेटकर १९६८ साली तेल अवीवच्या स्पर्धेत टेबल टेनिस खेळले आणि पुढे जलतरणाकडे वळले. त्यांच्या या प्रवासाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदतीचा हात दिला.

३७.३३ या आकड्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. थोड्या अंतराच्या शर्यतीत सुरुवातीला पायांनी मारलेली उसळी आणि सतत चालणारा पायांचा मारा यांवर बरेच काही अवलंबून असते. बर्कॉफचा विक्रम तर पायांचाच होता. पेटकरांना यातले काहीच उपलब्ध नव्हते. उलट न हलणारे पाय पाण्यात खाली जातात आणि वेग रोखतात. ते ओझे ओढत नेण्याचे काम दोन हातांचे आणि खांद्यांचे. म्हणूनच पॅरालिंपिकमध्ये विक्रम अपंगत्वाच्या प्रमाणानुसार गट पाडून नोंदले जातात. कुस्तीत वजनाचे गट असतात, तसेच हे. त्यात कुणावर उपकार नाही. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी हे सुवर्ण जिंकले, ती शर्यत ऑलिंपिकमध्ये १९८८ साली आली. ५० मीटर बॅकस्ट्रोक तर ऑलिंपिकमध्ये यायची आहे ती २०२८ साली, लॉस एंजेलिसला.

भारताला ऑलिंपिकचे पहिले वैयक्तिक सुवर्ण २००८ साली अभिनव बिंद्राने मिळवून दिले, हे आपण मुलांना शिकवतो आणि ते खरेच आहे. पण त्याच्या ३६ वर्षे आधी पॅरालिंपिकमध्ये भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण एका मराठी सैनिकाने आणले होते, हे किती पाठ्यपुस्तकांत होते? पेटकर पुण्यात स्थायिक झाले, टेल्कोत नोकरी केली आणि जग त्यांना विसरले. पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट आला आणि त्याच वर्षासाठीचा जीवनगौरव अर्जुन पुरस्कारही त्यांना जाहीर झाला. हायडेलबर्गच्या नोंदवहीत त्यांचे नाव पहिल्या दिवसापासून होते. पाने कोरी होती ती आपल्या वहीची.

भिलाईत हा मजकूर वाचणाऱ्यांना याचा निराळा अर्थ जाणवेल. पोलादनगरीत विक्रम हा शब्द आपण लहानपणापासून टनांच्या हिशेबात ऐकला. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तिची तारीखही अनेकांना पाठ आहे. पण नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आणि त्याहूनही दुरून जी मराठी कुटुंबे इथे आली, ज्यांनी हिंदी मुलखात मुलांना मराठीतून शिकवण्याचा हट्ट धरला, त्यांची नोंद कोण ठेवणार? महाराष्ट्राच्या इतिहासग्रंथांना आपण परप्रांतातले आणि छत्तीसगडच्या ग्रंथांना आपण बाहेरून आलेले. दोन्ही वह्यांच्या समासात बसणाऱ्या माणसांनी आपली वही आपणच लिहावी लागते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. घरातील जुनी ट्रंक उघडावी. क्रीडादिनाची प्रमाणपत्रे, संघाची छायाचित्रे, पिवळी पडलेली कात्रणे शाळेकडे द्यावीत. छायाचित्राच्या मागे नावे लिहावीत. साल, अंतर आणि आठवत असेल तर वेळही लिहावी. धावण्यात तिसरी आलेली मुलगी आणि शर्यत पूर्ण करणारा शेवटचा मुलगा, दोघांचीही नावे असावीत. ज्यांनी घड्याळ धरले आणि फळ्यावर निकाल लिहिला त्या शिक्षकांची व शिपायांचीही असावीत.

साठ वर्षांत या शाळेच्या मैदानावर आणि वर्गांत जे घडले, त्यातले पुष्कळसे पाण्यावरच्या रेघेसारखे मिटून गेले असेल. जे अजून कुणाच्या तरी आठवणीत आहे, ते मात्र आज लिहिले तर उरेल.