समुपदेशक व मनोविकार सामाजिक कार्यकर्ता : पात्रता आणि नोंदणी (ग्वाल्हेर)

मनाच्या आजारांवर औषधांखेरीज उपचार करणाऱ्या, सल्ला देणाऱ्या आणि रुग्णाच्या घरच्यांबरोबर काम करणाऱ्या व्यावसायिकांना भारतीय कायद्यांनी घातलेल्या अटी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर, यांच्यासाठी या अटी स्पष्ट आहेत. नुसत्या ‘काउन्सेलर’बद्दल मात्र कायदा बराच काळ गप्प राहिला, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात हा घोळ चांगलाच जाणवतो. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि जिल्हाधिकारी कार्यालय इथले. १९६४ साली स्थापन झालेले जिवाजी विद्यापीठही लागूनच. भोवती दवाखाने आणि शिकवण्या. समुपदेशकाची गरज यांतल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी लागते, पण प्रत्येकाचा नियम वेगळा. कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशकांची नेमणूक १९८४च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम ६ नुसार उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्य सरकार ठरवते. तिथे मानसोपचाराच्या नोंदणीचा संबंध नाही. दवाखान्यात बसणाऱ्याला मात्र दोन वेगळे कायदे लागू होतात.

पहिला भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२. या परिषदेला व्यवसायात सगळे ‘आरसीआय’ म्हणतात. तिच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव चढले की सीआरआर क्रमांक मिळतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुनर्वसन समुपदेशक आणि पुनर्वसन सामाजिक कार्यकर्ता हे तिघेही या कायद्याच्या कक्षेत येतात. नोंदणीशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. १९९२चा हजार रुपयांचा आकडा आज वचक बसवण्याजोगा राहिलेला नाही.

दुसरा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. अंमल २९ मे २०१८ पासून. यात मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याची व्याख्या नेमकी आहे: समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू वा एम.ए., आणि त्यावर सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कमधील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह. नुसत्या एमएसडब्ल्यूवर ही उपाधी लावता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टलाही तसेच दोन वर्षांचे आरसीआय-मान्य एम.फिल. किंवा आरसीआयने मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतील अर्हता लागते. शिवाय कलम ५५ प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने या दोघांची आणि मानसिक आरोग्य परिचारिकांची नोंद करून यादी प्रसिद्ध करायची असते. त्यामुळे पुण्याहून ग्वाल्हेरला आलेल्या सायकॉलॉजिस्टचा सीआरआर क्रमांक तोच राहतो, पण मध्य प्रदेशच्या यादीत नाव नव्याने घालावे लागते. कलम १०६ नुसार आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे औषध वा उपचार सुचवायला मनाई आहे. झोपेची गोळी डॉक्टरनेच लिहायची.

एम.फिल.ची ती दोन वर्षे जातात वॉर्डात. केस हिस्ट्री घेताना तीन पिढ्यांची वंशावळ काढायची: कोणाला आजार होता, घर कोण चालवते, रुग्णाला परत घ्यायला कोण तयार आहे. गृहभेटी करायच्या, बऱ्या झालेल्या माणसाला घरी पाठवताना भाऊ-भावजयीची समजूत घालायची. हे काम न झाल्याची किंमत ग्वाल्हेरइतकी थोड्या शहरांनी मोजली असेल. शिंदे संस्थानाच्या काळात १९३५ साली सुरू झालेल्या इथल्या मानसिक आरोग्यशाळेच्या दुरवस्थेचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ११ नोव्हेंबर १९९७च्या आदेशाने रांची व आग्र्याबरोबर ग्वाल्हेरच्या रुग्णालयावरही राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची देखरेख आली. भारतात या पेशाची मुळे मात्र मुंबईत आहेत: सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्य शाळा, आजची टाटा समाजविज्ञान संस्था म्हणजे ‘टिस’, १९३६ साली निघाली.

उरला समुपदेशक. एम.ए. मानसशास्त्र करून किंवा काही महिन्यांची पदविका घेऊन पाटी लावणाऱ्याला २०१७च्या कायद्याच्या व्याख्येत जागा नाही. २०२१च्या राष्ट्रीय सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने ही पोकळी भरायला घेतली. त्याच्या अनुसूचीतील वर्तन-आरोग्य गटात मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक आणि क्लिनिकल, सायकिअ‍ॅट्रिक व मेडिकल सोशल वर्कर यांची नावे आहेत. आरसीआयकडचे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तेवढे वगळले आहेत. पण राज्य परिषदा आणि नोंदवह्या उभ्या राहण्याचे काम रेंगाळत गेले. दरम्यान विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. या दोन विषयांपुरती मुदत २०२५-२६पर्यंत वाढवावी लागली, कारण कायद्याची व्याख्याच त्या पदवीवर उभी होती. 

अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी एमएसडब्ल्यूधारकांना दोन देशांच्या नियमांतला फरक लगेच जाणवतो. तिथे परवाना राज्य देते. कॅलिफोर्नियात क्लिनिकल सोशल वर्कर आणि व्यावसायिक समुपदेशक या दोघांनाही ३,००० तासांचे देखरेखीखालचे काम आणि परीक्षा सक्तीची आहे. समुपदेशकांसाठी परवाना व्हर्जिनियाने १९७६ सालीच आणला. आपल्याकडचा सीआरआर क्रमांक तिथे परवाना म्हणून चालत नाही.

सिटी सेंटरमध्ये सायकॉलॉजिस्टकडे वा समुपदेशकाकडे जाणाऱ्याने भिंतीवरच्या चौकटीतले प्रमाणपत्र वाचावे. आरसीआयच्या प्रमाणपत्रावर सीआरआर क्रमांक, व्यवसायाचा प्रकार आणि मुदत असते. पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. ‘पुनर्वसन समुपदेशक’ लिहिले असेल तर समोरची व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नव्हे.

शिकवण्यांसाठी आता आणखी एक बंधन आले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचा निर्देश दिला. कोचिंग क्लासही त्यात आले. बाल व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण ही अट निकालात आहे, सीआरआर क्रमांकाची नाही.