काठ (गोधडीचा)
गोधडीच्या चारही कडांना लावलेली पट्टी. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी, म्हणजेच वाकळ, आधी कडेलाच झिजते; म्हणून काठ शोभेचा असला तरी मुळात संरक्षणाचा. तो एकसंध पट्टीचा साधा ठेवावा की तुकडे जोडून करावा, हे बहुधा हाताशी असलेल्या कापडावर ठरते.

नऊवारी लुगड्याचा काठ सुमारे 27 फूट भरतो. 4 × 6 फुटांच्या गोधडीचा घेर 20 फूट, त्यामुळे एकच काठ कोपऱ्यांवर घडी घालत सगळीकडून फिरतो, जोड लागत नाही. पाचवारीचा काठ साधारण 18 फूट. इथे तुकडा जोडावाच लागतो.

तुकड्यांच्या काठाला हिशेब हवा. 48 आणि 72 इंचांच्या बाजूंवर 6 इंची चौकोन अनुक्रमे 8 आणि 12 नेमके बसतात. चौकोनांऐवजी त्रिकोण जोडले, तर त्यांची तिरकी कापलेली बाजू ताणली जाते आणि काठ लाटांसारखा फुगतो. तुकड्यांचा काठ देखणा खरा, पण प्रत्येक जोड ही उसवण्याची एक जागा. टिटवाळ्यासारख्या काळू नदीकाठच्या, पावसाळाभर दमट हवेच्या गावात जाड शिवणी वाळायलाही वेळ घेतात. तिथे रोजच्या पांघरुणाला साधा काठच बरा. मधला भाग ठिगळांनी गजबजलेला असेल, तर एकरंगी पट्टीने नजरेलाही विसावा मिळतो. बाळाच्या दुपट्याला मात्र घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांचे तुकडे काठाला हौसेने लावावेत.