दार मीच उघडं ठेवलं होतं

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या पालकांचा फोन आला. "दादा, पोरीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जातली एक लिंक चुकून मेव्हण्याला गेली. त्याच्या मोबाईलवर तिचा उत्पन्नाचा दाखला सरळ उघडला. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. असं कसं?"

म्हटलं बघतो. बघितलं आणि घाम फुटला. कारण ते दार २०१४ साली मीच उघडलं होतं.

तेव्हा आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षण संस्थेची वेबसाईट मी करून दिली होती. बक्षीस समारंभाचे, स्नेहसंमेलनाचे फोटो ठेवायला ॲमेझॉनच्या एस-थ्री या सेवेवर जागा घेतली. या जागेला तिथं 'बकेट' म्हणतात. फोटो सगळ्यांना दिसायला हवे होते, म्हणून एक छोटी पॉलिसी लिहिली. तिचा अर्थ एवढाच, की या बकेटमधली कुठलीही फाईल कुणीही वाचू शकतं. 'कुणीही' या शब्दाच्या जागी एक चिन्ह टाकायचं असतं, कीबोर्डवर आठच्या आकड्यावर असते ती चांदणी. टाकली, काम झालं, पैसे मिळाले, मी विसरलो.

पुढे काही वर्षांनी संस्थेनं दुसऱ्या कुणाकडून ऑनलाईन अर्जाचं काम करून घेतलं. त्याला तयार बकेट दिसली, त्यानं त्यातच नवा फोल्डर केला. आधारच्या प्रती, जातीचे दाखले, पासबुकाची पहिली पानं, सगळं त्यात. पॉलिसी कुणी उघडून पाहिली नाही. माझी चांदणी मात्र जागी होती. ती 'फोटो' म्हणत नव्हती, 'काहीही' म्हणत होती.

माझ्या एकट्याचा वेंधळेपणा असता तर इथं लिहिलं नसतं. पण या चुकीला इतिहास आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या कागदांशी जोडलेला आहे. म्हणून जरा मागे जाऊ.

कुठली फाईल कुणी वाचायची याची यादी फाईलसोबतच ठेवायची, ही कल्पना १९६० च्या दशकातली. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून मल्टिक्स नावाची प्रणाली बांधत होते, तिच्यात अशी यादी होती. पुढे युनिक्स आलं. त्यात परवानगीचे तीन सोपे गट होते: मालक, मालकाचा गट आणि 'इतर'. आता हे 'इतर' कोण? त्याच संगणकावर खातं असलेली बाकीची माणसं. फार तर विद्यापीठातली नाहीतर कंपनीतली. म्हणजे 'सगळ्यांना दाखव' म्हटलं तरी त्या 'सगळ्यां'भोवती एक भिंत होती.

१४ मार्च २००६ ला ॲमेझॉननं एस-थ्री सुरू केलं आणि ही भिंतच गेली. इथं खिडकी नाही, कारकून नाही. सगळा व्यवहार वेब एपीआयमधून. फाईल ठेवायची तर एक विनंती पाठवा, परवानगी बदलायची तरी एक विनंतीच. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बकेट पहिल्या दिवसापासून मुळात बंदच असायची. उघडायचं काम माणसानंच करायचं. पण ते इतकं सोपं होतं की कुणीही घाईत करून जावं.

सुरुवातीला परवानग्या जुन्या पद्धतीच्या यादीनं द्यायच्या, तिला एसीएल म्हणतात. त्यात दोन तयार गट होते. एक 'ऑल युजर्स', म्हणजे अख्खं जग. दुसरा 'ऑथेंटिकेटेड युजर्स', म्हणजे ओळख पटलेले वापरकर्ते. हे दुसरं नाव वाचून तुम्हाला काय वाटेल? आपल्या कंपनीत लॉगिन केलेली माणसं. अनेकांना तसंच वाटलं. खरा अर्थ होता जगातला कुठलाही ॲमेझॉन क्लाउड खातेदार. आणि असं खातं तर कुणालाही काढता येतं! शब्द जुन्या भिंतीच्या आतला, वापर भिंत नसलेल्या मैदानात. घोळ होणारच.

२०१० मध्ये बकेट पॉलिसी आली. परवानगी की मनाई, कुणाला, कोणती क्रिया, कशावर आणि कोणत्या अटीवर, हे सगळं एका छोट्या मजकुरात लिहायचं. चीज म्हणावी अशी होती. अमुक आयपी पत्त्यावरूनच वाचता येईल, अमुक खात्यालाच लिहिता येईल, असं बारकाईनं सांगता येऊ लागलं. स्पष्ट मनाई लिहिली तर ती कुठल्याही परवानगीवर भारी पडते, हाही नियम चांगला. पण त्याच मजकुरात ती चांदणीही बसायची. विनंती पाठवली की सर्व्हर २०४ नंबरचं उत्तर द्यायचा. त्याचा अर्थ: झालं, वेगळं सांगण्यासारखं काही नाही. "अहो, हे जगाला उघडं करताय, नक्की ना?" असं विचारणारं कुणी नव्हतं.

मग २०१७ उजाडलं. जूनमध्ये अपगार्ड या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाला अमेरिकेतल्या सुमारे १९ कोटी ८० लाख मतदारांची माहिती एका उघड्या बकेटमध्ये सापडली. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन, पक्षाची नोंदणी. रिपब्लिकन पक्षासाठी काम करणाऱ्या डीप रूट ॲनालिटिक्स या कंपनीची ती बकेट. कुणी तिजोरी फोडली नव्हती. पत्ता माहीत असला की पुरे होतं. पुढच्याच महिन्यात डाऊ जोन्स कंपनीच्या सुमारे २२ लाख ग्राहकांची माहिती उघडी असल्याचं बाहेर आलं आणि तिथं कारण होतं तेच 'ऑथेंटिकेटेड युजर्स'.

त्या वर्षी ॲमेझॉननं उघड्या बकेटवाल्यांना ईमेल पाठवले. नोव्हेंबरमध्ये बकेटच्या यादीत 'पब्लिक' असा ठळक शिक्का दिसू लागला. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'ब्लॉक पब्लिक ॲक्सेस' आलं. हे म्हणजे मेन स्विच. तो लावला की कुणी चुकून चांदणीची पॉलिसी पाठवली तरी एपीआय ती नाकारतं. अखेर एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नव्या बकेटवर हा स्विच आपोआप लागू लागला आणि जुन्या एसीएल याद्याही आपोआप बंद. २००६ ते २०२३, तब्बल १७ वर्षं!

या इतिहासातून मला एकच गोष्ट कळली. कुलूप कधी कच्चं नव्हतं. प्रश्न होता तो माणूस विसरला तर काय होतं याचा. आधी माणूस विसरला की दार उघडं राहायचं. आता विसरला की दार बंद राहतं. सुरक्षेतली खरी सुधारणा हीच.

पण यात एक मेख आहे. २०२३ चा नियम फक्त नव्या बकेटना लागला. जुन्या होत्या तशाच राहिल्या, कारण परस्पर बंद केल्या असत्या तर हजारो चालू वेबसाईट एका रात्रीत पडल्या असत्या. माझी बकेट २०१४ ची. म्हणजे सगळं जग शहाणं झालं तरी तिला कुणी काही सांगितलं नाही.

आणि दार बंद केलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेची अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या ६० लाख लोकांची माहिती गेली. ती बकेट जगाला उघडी नव्हती. पण बँकेच्या एका यंत्रणेला गरजेपेक्षा फार जास्त परवानग्या दिलेल्या होत्या. हल्लेखोरानं त्या यंत्रणेची ओळख मिळवली आणि तिच्या नावानं सगळं वाचलं. २०२० मध्ये बँकेला ८ कोटी डॉलर दंड झाला. शिपायाला गेटची चावी द्यायची असते, तिजोरीची नाही.

आता आपल्याकडे. ॲमेझॉनची मुंबईतली डेटा केंद्रं जून २०१६ मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आणि माहिती उघडी पडली तर ज्याची आहे त्याला कळवायचं, हेही त्यात लिहिलंय.

इथंच माझं आणि संस्थेचं वाजलं. फोन आला त्याच रात्री बकेट बंद करून घेतली, अर्ज वेगळ्या जागी हलवले. पण पालकांना कळवू या म्हटल्यावर उत्तर आलं, "आता बंद झालंय ना? मग कशाला उगाच गवगवा?" मी म्हटलं, कागद संस्थेचे नाहीत, पोरांचे आहेत. इतकी वर्षं ते कुणी पाहिले, कुणी उतरवून घेतले, हे सांगता येत नाही, कारण कोण आलं-गेलं याची नोंद ठेवायची सोय आम्ही सुरूच केली नव्हती. तीही चूक माझीच. निदान पासबुकाची प्रत दिलेल्यांनी सावध तरी व्हावं. लेखी दिलंय, माझी चूकही त्यात लिहून दिलीय. अजून एकाही पालकाला पत्र गेलेलं नाही. जाईपर्यंत मी मागं लागणार आहे.

तुमच्या शाळेनं, क्लासनं, पतपेढीनं, सोसायटीनं ऑनलाईन कागद घेतले असतील तर तीनच प्रश्न विचारा. हे कागद कुठं ठेवलेत? कोणकोण बघू शकतं? ती परवानगी शेवटची कधी तपासली? उत्तर देणारा गडबडला तर रागावू नका, पण सोडूही नका. आणि माझ्यासारख्या ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी घाईघाईत वेबसाईट करून दिल्या, त्या भावांनो, आज घरी गेल्यावर जुनी खाती उघडा. ती चांदणी शोधा.

पटलं तर पुढे पाठवा. कुठं चुकलो असेन तर कमेंटमध्ये सांगा, दुरुस्त करतो.