धक्क्यावरचा बिननावाचा हमाल

मुंबईच्या गोदीचा इतिहास म्हटला की धक्के, जहाजे आणि मालाचे आकडे पुढे येतात. आज आम्हांला बोलायचे आहे ते गोदीच्या दरवाजाशी कामाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या रोजंदारी हमालाविषयी.

त्याला कामावर घेणार टोळीवाला किंवा सारंग. जहाज लागले तर काम, नाही तर घरची वाट. आज या टोळीत, उद्या त्या. शेजारच्याचा हात कसा चालतो हेही ठाऊक नाही. यारीला लटकलेला बोजा निसटला, फळी सरकून माणूस जहाजाच्या तळाशी गेला, पोते ओढायचा आकडा हातात रुतला, तर हा माणूस कोणाचा?

१९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने हा पेच सोडवला, असे कागद वाचून वाटते. कंत्राटदाराच्या माणसाची जबाबदारी त्याने मूळ धन्यावरही टाकली. पण दहा दिवसांत बऱ्या होणाऱ्या दुखापतीला भरपाई नव्हती. १९३३ मध्ये दहाचे सात झाले. महिनेवाल्याला सहा दिवस म्हणजे रजा. रोजंदारीवाल्याच्या घरी चूलच बंद! शिवाय मोठ्या दुखापतीतही आपण त्या दिवशी कामावर होतो हे दाखवायला हजेरीपटावर नाव हवे. ते कोठून आणावे?

गोदीतील अपघात टाळण्यासाठी १९३२ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला अनुसरून १९३४ मध्ये हिंदुस्थानात कायदा झाला आणि तो अमलात आला १९४८ साली! मधली चौदा वर्षे तो कपाटात होता. याच काळात, १४ एप्रिल १९४४ रोजी, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यात गेले. दलाच्या पटावर त्यांची नावे होती, म्हणून हा आकडा सांगता येतो. एकूण मृत मात्र कोणी ८०० म्हणतो, कोणी १३००. एवढ्या अंतरात किती हमाल दडले असतील, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा.

१९४८ मध्येच गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९५१ मध्ये मुंबईत त्याची योजना आली, आणि नोंदलेल्या माणसाला पाळीने काम व काम नसल्या दिवशी हजेरीभत्ता मिळू लागला. पण तेच पोते दरवाजाबाहेर पडून मशीद बंदरच्या वखारीत गेले, की पुन्हा बिननावाच्या पाठीवर चढे. त्या पाठीची नोंद व्हायला १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी हमालांना संघटित केले होते. या कायद्याने मजुरी मंडळामार्फत देण्याची सोय केली, मालकालाही नोंदणी करायला लावली, आणि १९२३ चा तो भरपाईचा कायदा माथाड्यांना स्पष्टपणे लागू केला.