शीळ (भावगीत)

शीळ : ना. घ. देशपांडे (२१ ऑगस्ट १९०९–१० मे २०००) यांची प्रेमकविता. गायक जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे ती घरोघरी पोहोचली. कवीचा जन्म बुलढाणा जिल्ह्यातल्या शेंदुर्जनचा; पुढे मेहकरला वकिली.

आशय : गीत स्त्रीच्या तोंडी आहे. प्रियकराची शीळ रानभर घुमते. ती कधी मैत्रिणीपाशी त्याच्या खुळेपणाचे लाडिक गाऱ्हाणे मांडते, तर कधी थेट त्यालाच दटावते. शब्द बोलीतले आणि चाल ठसक्याची असल्याने रसिकांनी हे खेळकर प्रेमगीत म्हणूनच डोक्यावर घेतले. प्रत्यक्षात कवितेत दोघांची गाठ पडतच नाही. ऐन सुगी सोडून ती धावत जाते आणि लांबच गप्प उभी राहते. त्याच्या संगतीने फुलणे, मिळून रानात हिंडणे हे सारे भविष्यकाळी क्रियापदांत येते. त्यामुळे गीताला विरहाची किनार आहे, असेही वाचता येते. प्रियकराला कान्ह्याची उपमा असल्याने गवळणीशी नाते उघड आहे. बासरीच्या जागी शीळ आली आहे. झरा, पिकलेले मळे आणि शरदातले ढग मात्र गोकुळाचे नव्हेत, शेतकऱ्याच्या शिवारातले आहेत.

ध्वनिमुद्रण : १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीने ही तबकडी काढली. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. आलाप-तानांना तिथे फारसा वाव नसे. रविकिरण मंडळाच्या कवींनी १९२० च्या दशकात कविता गाऊन दाखवण्याची गोडी लावली होती, पण ते गायन बैठकीतले होते. जोशींनी कविता तीन मिनिटांत बसवली, चाल सोपी ठेवली आणि शब्द स्पष्ट उच्चारले. नाट्यगीताला सरावलेल्या कानांना हा बाज नवा होता. स्त्रीचे मनोगत पुरुषाच्या गळ्यातून आले, याचे कुणाला नवल वाटण्याचे कारण नव्हते. स्त्रीच्या तोंडच्या लावण्या रचणारे शाहीरही बहुतांशी पुरुषच होते.

‘पहिले मराठी भावगीत’ हा मान ‘शीळ’ला अनेकदा दिला जातो. जे. एल. रानडे यांचे गायनही त्याच सुमाराचे असल्याने हा क्रम निर्विवाद म्हणता येत नाही. जोशी पुढे एचएमव्हीतच ध्वनिमुद्रण अधिकारी झाले; ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे आत्मकथन.

ग्रंथरूप : तबकडी वाजू लागल्यावर सुमारे दोन दशकांनी, १९५४ मध्ये, ‘शीळ’ हा संग्रह निघाला, म्हणजे अनेकांनी कविता आधी ऐकली, मग वाचली. नंतरचे संग्रह : ‘अभिसार’ (१९६३), ‘खूणगाठी’ (१९८५, साहित्य अकादमी पुरस्कार १९८६), ‘कंचनीचा महाल’ (१९९६). शेवटच्या नावाची वास्तू मेहकरात आहे.

पाहा : गवळण, भावगीत, मेहकर.